दगडावरचे खळगे मोजायला दुपारी जाऊ नका

वर्धेकर मंडळी,

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं-तिघं जुनापाणीला गेलो होतो. नागपूर–काटोल रस्त्यावर हे ठिकाण आहे. मोठमोठे दगड गोलाकार मांडलेली शिळावर्तुळं, तीही तीनशेच्या आसपास. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे मुद्दाम कोरलेले आहेत. भर दुपारी एका दगडावर आम्हाला चारच दिसले. ऊन कलल्यावर परत त्याच दगडापाशी आलो, तर नऊ मोजले! दगड तोच, डोळे तेच. फक्त उजेड तिरपा झाला होता.

ही वर्तुळं लोखंड वापरणाऱ्या लोकांच्या दफनाच्या जागा. काळ साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचा. आपण नागपूरला जाताना बुटीबोरी लागते ना, तिथून जवळच टाकळघाट-खापा आहे. 1968-69 मध्ये नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी तिथे उत्खनन केलं. म्हणजे हा इतिहास आपल्या उंबरठ्यावरचाच आहे.

जुनापाणीच्या खळग्यांबद्दल 1879 मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलं. हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता, आपल्या हिंगणघाटच्या कापसावर नजर ठेवणारा. ब्रिटनमधल्या दगडांवरही असेच खळगे आहेत, हे त्याने दाखवून दिलं. पण हाताने केलेल्या नोंदीत डोळ्याला दिसलं तेवढंच येतं. आमची दुपारची नोंद झाली असती तर पाच खळगे कायमचे सुटले असते.

लेझर स्कॅनिंगचा उपयोग इथे होतो. यंत्र दगडावर लेझर किरण टाकतं आणि पृष्ठभागावरच्या लाखो बिंदूंचं अंतर मोजतं. त्यातून दगडाची हुबेहूब त्रिमितीय प्रत तयार होते. मग संगणकावर आपण हवा तिथून तिरपा उजेड टाकायचा. झिजलेली खूणही वर येते. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचं 2011 मध्ये असं स्कॅनिंग झालं, तेव्हा कुऱ्हाडीच्या पात्यांची 71 नवी कोरीव चित्रं सापडली. शेकडो वर्षं लोक तो दगड बघत होते, बरं का!

आता मुद्द्याचं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी जुनापाणीच्या खळग्यांच्या दिशा अभ्यासल्या. त्यांचा सूर्य-ताऱ्यांशी संबंध असेल का, हा प्रश्न होता. पण दिशा मोजायची तर दगड मूळ जागीच पाहिजे. ट्रॅक्टरने ओढून धुऱ्यावर टाकलेल्या दगडावरचा खळगा राहतो, दिशा जाते. गिट्टी झाली तर दोन्ही जातात.

म्हणून स्कॅन सुट्या दगडाचं नको, पूर्ण वर्तुळाचं पाहिजे, दिशा आणि जागेच्या नोंदीसकट. महागडं यंत्र नसेल तर एकावर एक येणारे भरपूर फोटो सगळ्या बाजूंनी काढूनही त्रिमितीय प्रत करता येते. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पोरांना हा प्रोजेक्ट अवघड नाही. मात्र ती फाईल कुणाच्या कपाटात पडून राहायला नको, गावच्या शाळेलाही बघता आली पाहिजे.

एक भीती मात्र आहे. "स्कॅन झालं ना, आता दगड हलवा" असं कुणी म्हणायला नको. घराचा नकाशा जपला म्हणून घर पाडायची परवानगी मिळत नाही.

शेतकरी बांधवांवर माझा राग नाही. वावरातला गोटा नांगराला आडवा येतो, हे मला कळतं. हा गोटा वेगळा आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. तेवढं काम आपण करू.

तुमच्या शिवारात गोल मांडलेले मोठे दगड असतील तर उकरू नका, खळग्यात खडू किंवा रंग भरू नका. सकाळी कोवळ्या उन्हात नाहीतर दिवस कलल्यावर फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. कमेंटमध्ये फक्त तालुका लिहा, नेमकी जागा नको. खणायला येणारेही पोस्ट वाचतात.