देवीच्या दारचा नाद

आपल्या चिंचणी गावी १९५५ साली काही ताम्रपट सापडले. त्यांतील एक शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. संयान, म्हणजे सध्या गुजरातेत असलेले संजाण, येथे देवीची मठिका होती व तिच्या नैवेद्यासाठी दान दिले गेले, असे तो सांगतो. त्या वेळी हा प्रांत महंमद नावाच्या अरब अधिकाऱ्याच्या ताब्यात होता. शके ९५६ च्या पटात देवीच्या दिव्याकरिता तेलाचा घाणा दिल्याची नोंद आहे.

नैवेद्याचा आणि दिव्याचा हिशेब असा राजशासनात राहिला. परंतु देवीपुढे वाद्य का वाजावे, पाऊल का थिरकावे, हे जाणावयाचे तर आपणांस शास्त्रग्रंथांकडेच वळले पाहिजे.

तंत्र म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे स्मशान आणि मद्यमांस उभे राहते. त्यातील मूळ विचार मात्र निराळा आहे. देह हा मोक्षाच्या वाटेवरील धोंडा नसून साधन होय, असे तंत्र मानते. काश्मीरच्या शैवांनी तर आत्म्यालाच नर्तक म्हटले. ‘तंत्रालोक’ लिहिणाऱ्या अभिनवगुप्तानेच भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिली, हा काही योगायोग नव्हे.

हा विचार महाराष्ट्रातही रुजला. काश्मिरातून दक्षिणेत आलेल्या भास्कराचा नातू शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी होता. त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’त स्वरांच्या आधी देहाची उत्पत्ती आणि देहातील चक्रे यांचे वर्णन येते. आत्मा मनास प्रेरणा देतो, मन अग्नीस, अग्नी प्राणवायूस. आणि तो वर चढताना हृदयात मंद्र, कंठात मध्य व मस्तकात तार नाद उमटतो. अनाहत नाद मुनींचा. तो मुक्ती देतो, पण रंजन करीत नाही. आहत नाद मात्र लोकांस रिझवतो आणि भवबंधही तोडतो, असे शार्ङ्गदेवाचे मत. त्याच्या ग्रंथाचा सातवा व शेवटचा अध्याय नर्तनाचा आहे.

आपली परीक्षा येथेच आहे. गोंधळी संबळाच्या तालावर नाचू लागला की आपण देवीस हात जोडतो. पण नाचणाऱ्याला आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या खालच्या पायरीवर बसविले. नाद तेवढा पवित्र, आणि ज्या देहातून तो उमटतो तो देह मात्र हीन, हा निवाडा आपल्याच शास्त्रास मान्य नाही.