'सापडलं नाही' म्हणजे 'नाही'?

आजोबा जालन्याकडच्या एका खेड्यात शिकले, निजामाच्या काळात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शाळेच्या दाखल्यासाठी मी आणि बाबा एका कार्यालयात गेलो. क्लार्कनं संगणकात नाव टाकलं आणि सांगितलं, "नोंद सापडत नाही." आठवड्यानं लेखी उत्तर आलं: 'सदर व्यक्तीने या शाळेत शिक्षण घेतलेले नाही.'

बाबा चिडले. मी गप्प होतो, कारण अशी उडी मी रोज कोडमध्ये मारतो.

या उडीला इतिहास आहे. 1972च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेय शहरात अलँ कोलमेरोअर आणि फिलिप रूसेल यांनी प्रोलॉग ही भाषा घडवली. त्यात प्रोग्रॅम म्हणजे तथ्यं आणि नियम, आणि तेही सगळे होकारार्थी. मग 'नाही' कसं म्हणायचं? प्रोलॉगचा मार्ग सोपा होता: विधान सिद्ध करायचा प्रयत्न करा, सगळ्या वाटा संपल्या तर ते खोटं समजा. 1978 मध्ये कीथ क्लार्क यांनी याला तर्काचा आधार दिला, पण एका अटीवर. दिलेली माहिती पूर्ण आहे असं धरायला हवं. त्याच ग्रंथात रेमंड रायटर यांनी डेटाबेससाठी हेच गृहीतक मांडलं.

एसटी स्टँडवरचा फलक असाच वाचतात. दहानंतर पैठणची गाडी लिहिलेली नसेल, तर ती नाही. फलक पूर्ण असतो, म्हणून हे चालतं.

आपल्याकडच्या नैयायिकांनी ही अट फार आधी ओळखली होती. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त अभाव हा सातवा पदार्थ आहे. 1897 साली मुंबईत हा ग्रंथ यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या इंग्रजी टिपांसह छापला गेला. न्यायशास्त्र म्हणतं, जमिनीवर घडा दिसत नाही एवढ्यावरून घडा नाही असं ठरत नाही. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत काही दिसलं नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

संगणकशास्त्रात मायकेल गेल्फाँड आणि व्लादिमिर लिफशिट्झ यांनी 1990च्या आसपास दोन नकार वेगळे केले: 'खोटं आहे हे माहीत आहे' आणि 'खरं असल्याचं माहीत नाही'. त्यांचं उदाहरण रेल्वेरुळांवरून जाणाऱ्या स्कूल बसचं. गाडी येत असल्याची खबर नाही म्हणून बस रुळांवर घालायची नाही. गाडी येत नाही हे पक्कं कळायला हवं.

मराठवाड्याची दप्तरं अजून पुरती उजेडात आलेली नाहीत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथला सरकारी कारभार उर्दूत होता, जुनी कागदपत्रं मोडीतही आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. आरक्षणावर कुणाचं मत काहीही असो, न वाचलेल्या कागदावरून 'नोंद नाही' म्हणता येत नाही, एवढं तरी त्यातून दिसलं.

आम्ही पुन्हा अर्ज केला. संगणकात 1950 नंतरचीच रजिस्टरं चढवली होती, असं कळलं. मागणी एका वाक्याची होती. ते मिळालं: 'उपलब्ध अभिलेखात नोंद आढळली नाही.'

दाखला अजून नाही. पण बाबा आता उर्दू वाचणारं कुणी शोधतायत. आधीच्या उत्तरानंतर शोधायला काही उरलंच नव्हतं.