परसातील ॲक्वापोनिक्स आणि वीस दिवसांची प्रतीक्षा : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मत्स्यपालन आणि मातीविना शेती या दोन पद्धतींचा एकाच पाण्यावर घडवून आणलेला संयोग म्हणजे ॲक्वापोनिक्स होय. टाकीत मासे वाढवावयाचे, त्यांच्या विष्ठेने युक्त झालेले पाणी पंपाच्या साहाय्याने खडीच्या वाफ्यात सोडावयाचे, तेथे भाजीपाल्याने त्यातील पोषकद्रव्ये शोषून घ्यावयाची आणि निवळलेले पाणी पुन्हा टाकीत परतावयाचे, असे हे चक्र आहे. परसबागेत हा प्रयोग करू इच्छिणाऱ्या नवशिक्यास सामान्यतः दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली म्हणजे ही पद्धती अतिप्राचीन आहे आणि दुसरी म्हणजे ती अत्यंत सोपी आहे. पहिल्या विधानाच्या आधारावरच दुसरे उभे असते.

प्रस्तुत लेखकाने याच विश्वासाने घरामागील परसात ५०० लिटरची टाकी व खडीचा एक वाफा उभारला आणि पाणी भरताच त्यात मासे सोडले. पाणी नितळ होते, पंप अखंड चालू होता. तरीही दहाव्या दिवसापर्यंत निम्म्याहून अधिक मासे दगावले. या अपयशाचे कारण शोधताना असे लक्षात आले की, चूक जितकी टाकीत होती तितकीच इतिहासाच्या आकलनातही होती.

उद्दिष्टे

१) ॲक्वापोनिक्सच्या प्राचीनत्वाच्या दाव्याची चिकित्सा करणे.
२) या पद्धतीमागील शास्त्रीय ज्ञानाच्या विकासाचा आढावा घेणे.
३) या इतिहासातून नवशिक्यास कोणते मार्गदर्शन मिळते, ते स्पष्ट करणे.

यासाठी दुय्यम साधनांच्या आधारे ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

प्राचीनत्वाच्या दाव्याची चिकित्सा

ॲक्वापोनिक्सचे पूर्वज म्हणून मेक्सिकोतील ॲझटेकांच्या ‘चिनाम्पा’ शेतीचा उल्लेख वारंवार केला जातो. झोचिमिल्को व चाल्को या सरोवरांच्या उथळ भागात गाळ व वनस्पतींचे थर रचून लांबट वाफे तयार केले जात आणि त्यांच्या कडेने वाळुंजाच्या जातीची झाडे लावून माती धरून ठेवली जाई. ‘तरंगत्या बागा’ असे त्यांचे वर्णन रूढ असले तरी हे वाफे तळाशी घट्ट रुतलेले होते. दोन वाफ्यांमधील कालव्यात मासे असत आणि कालव्यातील सुपीक गाळ उपसून पिकांना घातला जाई. झोचिमिल्कोचा समावेश १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. तथापि, या व्यवस्थेत पिकांच्या पोषणासाठी हेतुपुरस्सर मासे पाळले जात नव्हते आणि पीक मातीतच वाढत होते.

चीनमधील चेज्यांग प्रांतातील चिंगत्येन परगण्यात भातखाचरांत मासे वाढविण्याची परंपरा शतकानुशतके चालत आलेली असून, २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिची कृषिवारसा म्हणून दखल घेतली. येथे मासे तण व कीटक खातात आणि त्यांच्या विष्ठेचे खत भाताला मिळते. आपल्याकडे गोव्यातील खाजण जमिनीतही पावसाळ्यात कोरगुट भात आणि मानशीच्या दारांशी मासळी, असा संयोग दीर्घकाळ नांदला आहे.

या तिन्ही उदाहरणांत मासे, पाणी व पीक यांचे परस्परावलंबन निश्चितच आढळते. परंतु त्यात एक चौथा घटक आहे, त्याकडे दुर्लक्ष होते. तो घटक म्हणजे माती. माशांच्या विष्ठेचे पिकाच्या अन्नात रूपांतर करणारे जीवाणू त्या मातीत आधीपासूनच वस्तीला होते. म्हणून शेतकऱ्याला त्यांचे अस्तित्व ठाऊक असण्याची आवश्यकता भासली नाही. आधुनिक ॲक्वापोनिक्सने माती वजा केली आणि तिच्यासोबत हे मूक सहकारीही वजा झाले. प्राचीन व्यवस्था सोपी वाटते याचे कारण तिचे सर्वांत अवघड काम माती करीत होती.

१८७७ चा प्रयोग

मातीतील या कार्याचा उलगडा फ्रान्समध्ये झाला. १८७७ मध्ये थिओफिल श्लोसिंग व आशिल म्युंत्स यांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. सुमारे वीस दिवस खालून येणाऱ्या पाण्यातील अमोनियात काहीही फरक पडला नाही. त्यानंतर मात्र नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली आणि मातीचे धुवण घातल्यावर ती पुन्हा सुरू झाली. यावरून अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर हे केवळ रासायनिक नसून सजीवांचे कार्य आहे, हे सिद्ध झाले. पुढे १८९० मध्ये सर्गेई विनोग्राडस्की यांनी झुरिक येथे हे नत्रीकरण करणारे जीवाणू वेगळे करून दाखविले. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात व काही नायट्राइटचे नायट्रेट करतात, ही श्रमविभागणी त्यातून स्पष्ट झाली. ही दोन्ही कामे एकटाच करणारा जीवाणूही असतो, हे २०१५ मध्ये उघड झाले.

वाळूची नळी, अमोनियायुक्त पाणी आणि वीस दिवसांचा विलंब हे चित्र परसातील खडीच्या वाफ्याचेच आहे. प्रस्तुत लेखकाचे मासे दहाव्या दिवशी दगावले, म्हणजे जीवाणूंची वसाहत उभी राहण्यापूर्वीच दगावले. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे नितळ पाणी ही सुरक्षिततेची खूण ठरत नाही.

प्रयोगशाळेतून परसात

वनस्पतींना मातीची नव्हे तर मातीतील विद्राव्य क्षारांची गरज असते, हे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील झाक्स व क्नोप यांच्या प्रयोगांनी दाखविले होते. कॅलिफोर्नियातील गेरिक यांनी १९३० च्या दशकात या तत्त्वास ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ करून दिले. त्यास मत्स्यपालनाची जोड मिळाली ती १९७० नंतरच्या पर्यावरणविषयक जागृतीच्या काळात. जॉन टॉड, नॅन्सी जॅक टॉड व विल्यम मॅकलार्नी यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या ‘न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट’ने काचगृहात मासे व भाजीपाला एकत्र वाढविण्याचे प्रयोग केले.

यानंतर दोन धारा दिसतात. पहिली संशोधनसंस्थांची होय. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी १९८० च्या सुमारास सुरू केलेल्या कामातून तराफ्यांवर रोपे वाढविण्याची मोठी पद्धती विकसित झाली. किती मासे आहेत यापेक्षा दररोज किती खाद्य घातले जाते, यावर वाफ्याचे क्षेत्र ठरवावे, हा विचार त्यांनी दृढ केला. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात मार्क मॅकमर्ट्री यांनी त्याच दशकात वाळूच्या वाफ्यांचा प्रयोग केला. दुसरी धारा सामान्य शेतकऱ्यांची आहे. मिसूरीतील टॉम व पॉला स्पेरानिओ या दांपत्याने १९९० च्या दशकात वाळूऐवजी खडी वापरली. वाफा भरणे व रिकामा होणे या आवर्तनामुळे मुळांना व जीवाणूंना प्राणवायू मिळू लागला. परसातील आजचे बहुसंख्य संच या खडीच्या वाफ्याचे वंशज आहेत. २०१४ मध्ये अन्न व कृषी संघटनेने लहान प्रमाणावरील ॲक्वापोनिक्सवर सविस्तर तांत्रिक ग्रंथ प्रकाशित केला आणि या विखुरलेल्या अनुभवास शिस्तबद्ध रूप लाभले.

इतिहासाच्या प्रकाशात परसातील उभारणी

उपरोक्त विवेचनातून नवशिक्यासाठी कामाचा क्रम निश्चित होतो. प्रथम टाकी, पंप व धुतलेली खडी यांची जुळणी करून पाणी फिरते ठेवावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंनाही मारक असल्याने पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवावे. त्यानंतर मासे न सोडता थोडे खाद्य पाण्यात कुजू द्यावे, म्हणजे जीवाणूंना अमोनिया मिळेल. एखाद्या जुन्या, निरोगी मत्स्यटाकीतील मूठभर खडी वाफ्यात मिसळल्यास वसाहत लवकर उभी राहते. १८७७ मधील मातीच्या धुवणाचेच हे आजचे रूप होय. पाणी तपासणीच्या संचाने आधी अमोनिया, मग नायट्राइट वाढून ओसरताना दिसतो. दोन्ही प्रतिलिटर १ मिलिग्रॅमच्या खाली उतरून नायट्रेट दिसू लागले, म्हणजे मासे सोडण्यास हरकत नाही. उष्ण हवेत यास साधारणतः २५ ते ४० दिवस लागतात, थंडीत अधिक.

पालेभाज्यांच्या दर चौरस मीटर वाफ्यामागे दररोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य हे प्रमाण पूर्ण वाढीच्या अवस्थेत धरावे. आरंभी त्याहून बरेच कमी घालावे. पाण्याचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान असावा. ही मासे, वनस्पती व जीवाणू या तिघांमधील तडजोड आहे. वीज खंडित झाल्यास माशांचा प्राणवायू तुटतो, म्हणून बॅटरीवरील हवापंप जवळ ठेवणे अगत्याचे आहे.

माशाची निवड करतानाही इतिहास विसरून चालत नाही. परदेशी प्रयोगांत तिलापियाचा वापर सर्रास झाला. परंतु १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया जलाशयांत अनिर्बंध पसरला आणि महाराष्ट्रातील उजनीसारख्या धरणांत ‘चिलापी’ म्हणून स्थिरावला. त्यामुळे तिलापियाच्या संवर्धनावर शासकीय निर्बंध आले. परवानगीवाचून तो पाळू नये आणि संचातील कोणताही मासा ओढ्यात वा तळ्यात सोडू नये.

निष्कर्ष

ॲक्वापोनिक्स ही प्राचीन पद्धतीची पुनरावृत्ती नसून, मातीचे कार्य समजल्यानंतरच शक्य झालेली आधुनिक रचना आहे. चिनाम्पा, भातखाचरे व खाजणे यांचे महत्त्व यामुळे उणावत नाही. उलट त्यांतील मातीचे श्रम अधिक ठळक होतात. प्राचीनत्वाचा सैल दावा निरुपद्रवी वाटतो, परंतु तो प्रतीक्षेची गरज झाकून टाकतो आणि त्याची किंमत टाकीतील मासे मोजतात. प्रस्तुत लेखकाने दुसऱ्या खेपेस टाकी पाच आठवडे माशांविना चालविली. त्या काळात टाकीत डोळ्यांना दिसण्याजोगे काहीच घडत नव्हते, आणि तरीही परसातील सर्वांत महत्त्वाचे काम तेव्हाच चालू होते.