शाळेतील आरोग्य आणि सुरक्षितता : सोयी हक्काच्या, उणीव माहितीची

जून उजाडला की घरोघरी शाळेची लगबग सुरू होते. गणवेश, वह्या, छत्री, दप्तर यांची यादी होते, शुल्काचा हिशेब मांडला जातो. मात्र मुलाची दृष्टी गेल्या वर्षभरात कोणी तपासली का, वर्गात एखाद्याला आकडी आली तर काय करायचे हे शिक्षकांना ठाऊक आहे का, स्कूलबसमध्ये मदतनीस असतो का, हे प्रश्न त्या यादीत क्वचितच असतात. वस्तुतः या प्रश्नांवर उपाय ठरणाऱ्या बहुतेक सोयी कायद्याने किंवा सरकारी योजनांमधून उपलब्ध आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा विनामूल्य आहेत. उणीव आहे ती त्यांची माहिती असण्याची आणि त्या मागण्याची.

शंभर वर्षांचा प्रवास

भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम झाली ती १९०९ साली बडोदा शहरात, सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत. त्यानंतर मात्र हे काम फारसे पुढे सरकले नाही. शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष भोर समितीने १९४६ मध्ये काढला. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने शालेय आरोग्य समिती नेमली व तिचा अहवाल पुढील वर्षी आला. आज प्रचलित असलेली सर्वांत मोठी योजना म्हणजे ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’. तिचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला.

तपासणी कोणाची, कशी?

या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वे व रक्ताच्या कमतरतेचे विकार, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब अशा चार गटांतील सुमारे ३० विकारांचा शोध घेतला जातो. फिरत्या पथकात एक पुरुष व एक स्त्री वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता आणि परिचारिका यांचा समावेश असतो. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित आहे. दोष आढळल्यास जिल्हा स्तरावरील केंद्राकडे संदर्भचिठ्ठी दिली जाते. हृदयाला जन्मतः असलेले छिद्र, दुभंगलेला ओठ किंवा टाळू, बहिरेपणा अशा विकारांवरील उपचार, प्रसंगी शस्त्रक्रियाही, या योजनेतून विनाशुल्क होतात.

येथे दोन बाबी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली अशी की, तपासणी हा उपचार नव्हे. मिळालेली चिठ्ठी दप्तरात राहिली आणि मूल रुग्णालयात पोहोचलेच नाही, तर साऱ्या खटाटोपाचा उपयोग शून्य. दुसरी बाब शहरी पालकांना अधिक लागू आहे. विनाअनुदानित खासगी शाळा या पथकांच्या नियमित दौऱ्यात येत नाहीत. भरमसाट शुल्क भरणाऱ्या पालकाला आपल्या पाल्याची तपासणी आपोआप होत असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती शाळेने स्वतः ठरवून करावी लागते. म्हणून प्रवेशाच्या वेळीच ‘डॉक्टर कोण, तपासणी कधी, अहवाल पालकांना मिळतो का’ हे विचारून घ्यावे.

दृष्टिदोष हे याचे ठळक उदाहरण होय. लहान मुलाला जन्मापासून अंधुकच दिसत असेल, तर सर्वांनाच असे दिसते अशी त्याची समजूत असते. ते तक्रार करत नाही. फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणे, डोळे बारीक करून पाहणे, वारंवार डोके दुखणे ही लक्षणे वर्गशिक्षकाच्या नजरेस प्रथम पडू शकतात. भिंतीवर लावलेला अक्षरांचा तक्ता आणि सहा मीटर मोकळी जागा एवढ्या साधनांवर प्राथमिक चाचणी होते.

गोळ्या आणि खाऊ

१ ते १९ वर्षे वयोगटासाठी राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. त्या दिवशी शाळा व अंगणवाड्यांतून अल्बेंडॅझोलची गोळी देतात; खासगी शाळांनाही यात सहभागी होता येते. रक्तक्षय रोखण्यासाठी किशोरवयीनांना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी देण्याची योजना आहे. ही गोळी उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, त्यामुळे ती जेवणानंतर द्यावी. एखाद्या मुलाला मळमळ झाल्याची अफवा पसरून साऱ्या वर्गाने गोळ्या नाकारू नयेत, यासाठी पालकांना आधीच लेखी कळविणे श्रेयस्कर.

शाळेतील माध्यान्ह भोजन मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून पाहावे, असा दंडक आहे. बिहारमधील सारण (छपरा) जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी कीटकनाशकाने दूषित झालेले भोजन खाऊन २३ मुले दगावली होती. त्या दुर्घटनेची आठवण ठेवली, तर हा नियम केवळ कागदावरचा उपचार का नाही, हे ध्यानात येते.

शाळेबाहेरच्या खाद्यपदार्थांनाही बंधने आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अतिरिक्त साखर, मीठ व स्निग्धांश असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात, तसेच प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. तंबाखूजन्य पदार्थांना २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेच्या १०० यार्डांच्या आत बंदी आहे. फाटकासमोरची टपरी रोज दिसत असूनही तिच्याविषयी तक्रार होत नाही, हे आपल्या उदासीनतेचे उदाहरण म्हणावे लागेल.

इमारत आणि प्रवास

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ बालकांचा बळी गेला. गवती छप्पर, अरुंद जिना आणि एकाच इमारतीत दाटीने भरविलेल्या शाळा यांमुळे सुटकेचा मार्ग उरला नव्हता. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी स्पष्ट केले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. अग्निशमन साधने बसविणे, ती चालू स्थितीत ठेवणे आणि कर्मचाऱ्यांना त्यांचे प्रशिक्षण देणे हे तेव्हापासून शाळांवर बंधनकारक आहे. भिंतीवर लाल नळकांडे आहे एवढे पाहून समाधान मानू नये. त्यावरील पुनर्भरणाची तारीख पाहावी आणि दुसरा जिना कुलूपबंद नाही ना, याची खात्री करावी.

महाराष्ट्रात स्कूलबससाठी २०११ पासून स्वतंत्र नियमावली आहे. प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, मदतनीस आणि मुलींसाठी महिला मदतनीस या बाबी तीत आहेत. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी आणि तीत पालकांचा प्रतिनिधी असावा, अशीही तरतूद आहे. ही समिती आपल्या शाळेत आहे का आणि ती शेवटची कधी भरली, हे फार थोड्या पालकांना सांगता येईल.

अत्याचार झाल्यास

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने राज्य हादरले. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि माहिती वेळेत न दिल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा दाखल झाला. यातील कायदेशीर मुद्दा प्रत्येक शिक्षकाने व पालकाने समजून घ्यावा असा आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार, बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या किंवा तसा गुन्हा घडण्याची शंका असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे सक्तीचे आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ‘आधी आमची अंतर्गत चौकशी, मग पाहू’ ही भूमिका कायद्याला मान्य नाही.

बालकाला पोलीस ठाण्यात बोलावण्याचीही गरज नसते. त्याचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना नोंदवावा अशी तरतूद आहे. प्रसारमाध्यमांनी त्याची ओळख उघड करण्यास मनाई आहे. ‘बदनामी होईल’ या भीतीने गप्प राहणाऱ्या कुटुंबांना या तरतुदी आवर्जून सांगायला हव्यात. राज्यात मार्च २०२२ च्या शासन निर्णयान्वये शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करावयाच्या आहेत. तातडीच्या प्रसंगी १०९८ हा बालकांसाठीचा विनाशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.

मनाचे आरोग्य

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. सर्वांसमोर पाणउतारा करणे हाही छळच होय. झोप उडणे, शाळेच्या दिवशीच पोट दुखणे, मित्रांपासून दूर राहणे ही लक्षणे ‘नाटके’ म्हणून झटकू नयेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विद्यार्थी, पालक वा शिक्षक कोणीही विनामूल्य समुपदेशन घेऊ शकतात.

पालक आणि शिक्षकांसाठी

मुलाला दमा, मधुमेह, आकडी किंवा एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असल्यास ती लपवू नये. आजाराचे नाव, औषध, मात्रा, डॉक्टरांचा व घरचा दूरध्वनी एवढी माहिती एका कागदावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावी. आकडी आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा वा पाणी घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. झटके पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे कायदा सांगतो. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. या व्यासपीठांवर बहुधा शुल्क आणि स्नेहसंमेलन यांवरच चर्चा रंगते. वर्षातील एक बैठक तरी केवळ आरोग्य व सुरक्षिततेसाठी राखून ठेवावी. वर उल्लेखिलेले दूरध्वनी क्रमांक फलकावर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावेत, तपासणीच्या चिठ्ठ्यांचा पाठपुरावा कोण करणार त्याचे नाव ठरवावे.

कुंभकोणम काय, छपरा काय किंवा बदलापूर काय, नियम सुचतात ते दुर्घटना घडून गेल्यावर. ते नियम आता आपल्या हाती आहेत. पुढची दुर्घटना घडण्याआधी ते विचारणारा एक तरी पालक आणि पाळणारा एक तरी मुख्याध्यापक प्रत्येक शाळेला लाभावा, एवढीच अपेक्षा.