प्रीमियर हॉकी लीग (२००५–२००८)

प्रीमियर हॉकी लीग (पीएचएल) : भारतातील मैदानी हॉकीची पूर्वीची व्यावसायिक साखळी स्पर्धा. भारतीय हॉकी महासंघ आणि ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्स यांनी मिळून ती उभी केली. महासंघाचे अध्यक्ष तेव्हा के. पी. एस. गिल होते. शहरांच्या व प्रदेशांच्या नावांचे संघ, परदेशी खेळाडू, प्रकाशझोतातील सामने आणि थेट प्रक्षेपण हे सगळे हॉकीने क्रिकेटच्या आयपीएलआधी तीन वर्षे करून पाहिले होते. या गोष्टीचे श्रेय हॉकीला क्वचितच दिले जाते.

स्पर्धेच्या दोन श्रेणी होत्या. पहिल्या हंगामात वरच्या श्रेणीत हैदराबाद सुलतान्स, मराठा वॉरियर्स, शेर-ए-जालंधर, चेन्नई वीरन्स आणि बंगळूरचा संघ असे पाच संघ होते. खालच्या श्रेणीतील विजेता वर चढायचा आणि वरचा तळाचा संघ खाली उतरायचा. २००५ मध्ये चंडीगड डायनॅमोज असाच वर आला. दुसरी श्रेणी मात्र अल्पायुषी ठरली. सामन्यात तेव्हाच्या नेहमीच्या ३५ मिनिटांच्या दोन सत्रांऐवजी साडेसतरा मिनिटांचे चार डाव ठेवले होते. त्यामागे जाहिरातींची सोय हे कारण होतेच, पण खेळाडूंना श्वास घ्यायला आणि प्रशिक्षकाला डावपेच बदलायला त्यामुळे उसंत मिळाली. आंतरराष्ट्रीय हॉकीने चार डावांची पद्धत, प्रत्येकी १५ मिनिटांच्या रूपात, त्यानंतर सुमारे दशकभराने स्वीकारली. पहिले विजेतेपद हैदराबादने मिळवले, २००६ आणि २००८ ची बंगळूरने, तर २००७ चे ओरिसा स्टीलर्सने.

मराठा वॉरियर्सच्या वाट्याला विजेतेपद कधीच आले नाही. पुण्याजवळच्या खडकीतील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला धनराज पिल्ले या संघाचा कर्णधार होता. चार ऑलिंपिक खेळून झालेला, १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारा हा आघाडीवीर तेव्हा ३६ वर्षांचा होता आणि अथेन्सनंतर राष्ट्रीय संघाबाहेर पडला होता. लीगमुळे तो देशाला पुन्हा रोज खेळताना दिसला. तेवढ्यासाठीही ही स्पर्धा आठवणीत राहायला हवी.

पहिला हंगाम हैदराबादच्या गच्चीबावलीतील मैदानावर झाला. त्यामुळे नावात मराठा असलेला संघ महाराष्ट्राबाहेर खेळत होता, आणि तरीही नांदेड-लातूरकरांना तो पुण्या-मुंबईपेक्षा जवळ होता. नांदेडहून हैदराबाद पुण्याच्या मानाने बरेच अलीकडे पडते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने हे शहर परके वाटण्याचाही प्रश्न नव्हता. पण संघाला स्वतःचे मैदान नसणे हीच या लीगची मोठी उणीव होती. गावातल्या पोरांना सराव पाहायला मिळाला नाही, तिकिटाची रांग लागली नाही, नावापुरते नाते राहिले.

शेवट बाहेरून आला. मार्च २००८ मध्ये सँटियागो येथे ग्रेट ब्रिटनकडून ०–२ ने हरल्यामुळे भारताचा हॉकी संघ १९२८ नंतर प्रथमच ऑलिंपिकला मुकला. पाठोपाठ महासंघाच्या सचिवांवर संघनिवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप झाला आणि एप्रिलअखेर भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघालाच निलंबित केले. महासंघाच्या आधारावर उभी असलेली लीग त्यानंतर भरलीच नाही. २०१२ मधील वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्सने अंतिम फेरी गाठली, पण तीही स्पर्धा एकाच हंगामात आटोपली. हॉकी इंडिया लीगमध्ये (२०१३–१७) मुंबईचा संघ होता.

या स्पर्धा येत-जात असताना नांदेडमध्ये हॉकी चालूच होती, आणि तिला वाहिनीची गरज नव्हती. दहावे शीख गुरू गोबिंदसिंघजी यांच्या प्रकाशपर्वाच्या (जयंतीच्या) सुमारास खालसा हायस्कूलच्या मैदानावर अखिल भारतीय श्री गुरु गोबिंदसिंघजी सुवर्ण व रजत चषक स्पर्धा भरते. हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या या गावातील शीख घरांनी ती अनेक दशके सांभाळली आहे. बाहेरगावचे नामांकित संघ तिथे येतात आणि प्रेक्षक सीमारेषेला खेटून उभे राहतात. मातीवर चेंडू उसळतो, म्हणून खेळाडू काठी किंचित तिरकी धरून आधी तो दाबतो, मग पुढचा विचार करतो. पाणी मारलेल्या कृत्रिम गवतावर चेंडू सपाट आणि बराच अधिक वेगाने येतो, तिथे पहिल्याच स्पर्शात दिशा ठरवावी लागते. मातीवर घडलेल्या मुलाची ही सवय मोडायला काही महिने जातात, आणि निवड चाचणी तोवर थांबत नाही.

शालेय हॉकीत नांदेडची मुले लातूर विभागातून खेळतात. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू चषकापर्यंत पोहोचता येते. मराठवाड्यातील मुलाला लीगच्या काळातही हीच वाट होती. लीगचे संघ या वाटेच्या टोकाशी जोडले गेले असते, तर दुसऱ्या श्रेणीला कदाचित नवे खेळाडू मिळत राहिले असते.

डिसेंबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली. तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत हैदराबाद होते, महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. त्या हंगामातील पुरुषांचे सामने राउरकेला आणि रांची येथे झाले.