आकड्यांतून निर्माण होणारा वारा

पवनचक्कीचे पाते मोडले की आपण म्हणतो, वाऱ्याला फार जोर होता. पण वाचकहो, एकसारखा जोर पाते बरेचसे सोसते. त्याला खाते ते वाऱ्याचे लहरीपण. एकाच फेरीत वर गेले की वारा निराळा, खाली आले की निराळा. भोवऱ्यात शिरताना एक झटका, बाहेर पडताना दुसरा. तार इकडून तिकडे वाकवीत राहिले तर शेवटी तुटतेच ना? तसेच हे. आणि वीस वर्षांत असे कोट्यवधी झटके! पाते टिकते का, हे वीस वर्षे वाट पाहून कोण ठरवणार? म्हणून यंत्र उभारण्याआधी त्याच्यावरचा वारा संगणकात निर्माण करावा लागतो.

1883 साली मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडली. वेग कमी होता तोवर धार सुतासारखी सरळ. वेग वाढवताच ती विसकटली. या विसकटण्याला पुरती वेसण गणिताला अजूनही घालता आलेली नाही. 1941 साली रशियात कोल्मोगोरोव यांनी मोठे भोवरे आपली शक्ती लहान भोवऱ्यांना कशी देत जातात, याचा हिशेब मांडला. पण हिशेबाला मोजमापाची जोड हवी होती.

ती मिळाली कॅन्ससमध्ये. 1968 साली कापणी झालेल्या गव्हाच्या सपाट शेतात 32 मीटर उंचीचा मनोरा उभारून, ध्वनीच्या साहाय्याने वारा मोजणारी उपकरणे तीन उंचींवर लावली गेली. चंद्रन कैमल (आडनाव केरळकडचे, हे ध्यानात आलेच असेल) आणि त्यांचे सहकारी यांनी 1972 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: कोणत्या आकाराच्या भोवऱ्याकडे शक्तीचा किती वाटा. पवनयंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात आजही कैमल यांचे नाव आहे.

वाटे कळले, पण वारा कसा करायचा? अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या पॉल वीअर्स यांनी 1988 च्या अहवालात रीत सांगितली. अनेक लहरी घ्यायच्या, प्रत्येकीची शक्ती सूत्राप्रमाणे, सुरुवात मात्र फासे टाकल्यासारखी, कुठूनही. खरी मेख पुढेच आहे. पात्याच्या वाटेवरील प्रत्येक बिंदूला स्वतंत्र वारा दिला तर झटके एकमेकांना खोडतात आणि इंजिनिअर फसतो. सर्वांना एकच दिला तर पाते भोवरा कापीतच नाही. म्हणून शेजाऱ्याला शेजाऱ्याची चाहूल हवी, दूरच्याला कमी. मला तर साऱ्या आज्ञावलीचा प्राण इथेच वाटतो.

याच रीतीवर पुढे कोलोरॅडोतील राष्ट्रीय प्रयोगशाळेत 'टर्बसिम' ही आज्ञावली आकाराला आली. पण सपाट शेतातला वारा सगळीकडे चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या सान गोर्गोनियो खिंडीत पवनचक्क्यांच्या रांगांमागे रांगा. मागच्यांना पुढच्यांनी घुसळलेला वारा मिळतो. तिथली मोजमापे घेऊन टर्बसिममध्ये निराळे पर्याय घातले गेले. पुढे पाळी आली पाण्याची. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट जड, तेव्हा भरती-ओहोटीवर फिरणाऱ्या चक्राला बसणारा धक्का काय असेल! वाऱ्याचे सूत्र तसेच पाण्याला लावणे बरे नव्हे. म्हणून वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट साऊंडच्या खाडीत उपकरणे बुडवली गेली, आणि तिथल्या प्रवाहाची मापे टर्बसिममध्ये जाऊन बसली.