गुणफलकाबाहेरचा माणूस

आपल्याकडे क्रीडेतिहास म्हणून जे लिहिले जाते ते बहुतांशी विजयांच्या जंत्रीच्या स्वरूपाचे असते. कोण जिंकले, कोणाविरुद्ध, किती गुणांनी, एवढे नोंदले की इतिहासकाराचे काम संपले असे मानण्याची रीत आहे. या जंत्रीत प्रशिक्षकाला रकाना नसतो. टेनिसपटू म्हणून कारकीर्द घडवून पुढे प्रशिक्षक झालेल्या माणसाचे अर्धे आयुष्य त्यामुळे इतिहासात येते आणि उरलेले अर्धे, बहुधा अधिक दीर्घ असलेले, बाहेर राहते. पुण्याचे नंदन बाळ यांचे उदाहरण या दृष्टीने तपासून पाहावे असे आम्हांला वाटते.

१९८०च्या दशकाच्या आरंभी बाळ डेव्हिस करंडक स्पर्धेत भारताकडून खेळले. तो काळ विजय अमृतराज आणि रमेश कृष्णन यांचा होता. अशा दोन खेळाडूंच्या काळात राष्ट्रीय संघात स्थान मिळवणे हेच मोठे कर्तृत्व होते. परंतु लोकस्मृतीत जागा मिळाली ती त्या दोघांना. पुढे बाळ यांनी प्रशिक्षणाचा मार्ग धरला आणि भारतीय डेव्हिस करंडक संघाचे प्रशिक्षक म्हणून काम केले. खेळाडू बाळ यांचे सामने नोंदवह्यांत सापडतात. प्रशिक्षक बाळ यांनी काय केले, हे मात्र इतरांच्या सामन्यांतून अनुमानाने काढावे लागते.

असे का होते, याचे एक कारण टेनिसच्या नियमांतच आहे. सामना सुरू असताना प्रशिक्षकाने खेळाडूला सल्ला देणे या खेळात दीर्घकाळ निषिद्ध होते. २०१८च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात प्रेक्षकांत बसलेल्या प्रशिक्षकाने खुणा केल्या म्हणून सेरेना विल्यम्सला ताकीद मिळाली आणि त्यावरून मोठे वादळ उठले. पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत २०२२ साली प्रायोगिक तत्त्वावर ही बंदी शिथिल झाली. आंतरराष्ट्रीय महासंघाने कोर्टाबाहेरून सल्ला देण्यास नियमातच मान्यता दिली ती २०२५पासून. म्हणजे बाळ यांची पिढी ज्या काळात घडली आणि घडवीत होती, त्या काळात ऐन सामन्याच्या वेळी मौन पाळणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्यच होते. याला मोठा अपवाद डेव्हिस करंडकाचा. तेथे न खेळणारा कर्णधार कोर्टावर खेळाडूशेजारी बसतो आणि बाजू बदलताना बोलू शकतो. पण तो कर्णधार. संघाचा प्रशिक्षक तेथेही एक पाऊल मागेच असतो.

सप्टेंबर २०१० मध्ये चेन्नईत ब्राझीलविरुद्ध पहिल्या दिवसाचे दोन्ही एकेरी सामने गमावून भारताने लढत ३-२ अशी जिंकली आणि जागतिक गटातले स्थान राखले. शिवप्रकाश मिश्रा कर्णधार होते, बाळ प्रशिक्षक. त्या विजयाच्या आठवणीत पेस-भूपती येतात, सोमदेव देववर्मन येतो, निर्णायक सामना जिंकणारा रोहन बोपण्णा येतो. आणि तसे होणे स्वाभाविकही आहे. मात्र जानेवारी २०१३ मध्ये खेळाडू आणि संघटना यांच्यात संघर्ष होऊन आठ खेळाडूंनी कोरियाविरुद्धच्या लढतीतून अंग काढून घेतले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत संघाच्या मार्गदर्शकांत बदल करण्याची मागणीही होती. त्यानंतर प्रशिक्षकपद झीशान अली यांच्याकडे गेले. त्या वादात कोणाची बाजू खरी, हा येथे प्रश्न नाही. विजयाच्या वृत्तांतात क्वचित दिसणारे प्रशिक्षकाचे नाव वादाच्या वृत्तांतात ठळकपणे येते, एवढे मात्र नोंदवायला हवे.

पुरस्कारांचा इतिहासही हेच सांगतो. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला. पहिल्याच वर्षी कुस्तीसाठी तो भालचंद्र भास्कर भागवत यांना मिळाला. आखाड्यात वस्तादाचे स्थान पूर्वापार मान्य असल्याने त्यात नवल नव्हते. टेनिसमध्ये मात्र तो पहिल्यांदा दिला गेला २०२० साली, नरेशकुमार यांना. म्हणजे पस्तीस वर्षांनी. त्याच वर्षी बाळ यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. आदल्याच वर्षी, २०१९ साली, तो पुण्याच्याच नितीन कीर्तने यांना मिळाला होता. हा पुरस्कार खेळाडू म्हणून आणि निवृत्तीनंतरही खेळासाठी केलेल्या कार्याबद्दल दिला जाई. बाळ यांच्या प्रशिक्षणकार्याला मान्यता मिळाली ती अशी, खेळाडूपणाच्या ओळखीला जोडून.

पुण्यापुरते बोलायचे तर टेनिसचे दृश्य वैभव सहज दाखवता येते. १९०६ साली स्थापन झालेले डेक्कन जिमखाना आहे, १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिलेले बालेवाडीचे संकुल आहे. २०१८ ते २०२३ या काळात तेथे पुरुषांची आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा झाली. पण केवळ वास्तूंमुळे एखादे गाव खेळाचे गाव होत नाही. अहमदाबादची अंकिता रैना पुण्यात आली ती हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकण्यासाठी. २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धेत तिने एकेरीत कांस्यपदक मिळवले. कोणी कोणाकडे शिकायला आले आणि किती वर्षे राहिले, याचा शोध घेतल्याशिवाय या शहराचा टेनिसचा इतिहास लिहिता येणार नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना ही अडचण अपरिचित नाही. श्री. पु. भागवत यांनी ‘सत्यकथा’ आणि ‘मौज’च्या द्वारे मराठी लेखनाला जे वळण दिले, त्याचा मोठा भाग इतरांच्या नावे छापलेल्या पुस्तकांत आहे. तरी संपादकाची पत्रे उरतात, हस्तलिखितांवरील खुणा उरतात. प्रशिक्षकाची सूचना तोंडी असते. ती खेळाडूच्या मनगटात जाऊन बसते आणि कालांतराने त्याची स्वतःचीच वाटू लागते. म्हणून येथे साधने निर्माण करावी लागतील: शिष्यांच्या मुलाखती, क्लबांची दप्तरे, जिल्हा स्पर्धांची कार्यक्रमपत्रके, स्थानिक वृत्तपत्रांची क्रीडापाने. सांगणारी माणसे आज आहेत. आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हा विषय घ्यायचे मनात आणले, तर त्याने ग्रंथालयाआधी कोर्टावर जावे.